मोनालीच्या कागदावरचा मोठा ठिपका

तर कवडूचा फोन वाजायचा थांबतच नव्हता, इथवर काल सांगून झालं. कवडू म्हणजे दुर्गजवळच्या स्मृती नगरातला आमचा शेजारी, रेल्वेतून रिटायर. त्याची बायको भीमाबाई दुर्गच्या दवाखान्यात. दुपारी चारच्या आत ओ निगेटिव्ह रक्त देणारा आला नाही तर ऑपरेशन लांबणार, आणि लांबणं तिला झेपणार नव्हतं. फोन करणारे मात्र दूरच्या जबलपूर, कटनीचे. 'खरं की खोटं' एवढंच विचारत. कारण हेच आवाहन, हाच नंबर, तीन वर्षांपूर्वीही निघाला होता. तेव्हा भीमाबाई बरी झाली, पण मेसेज काही मेला नाही. दर चार महिन्यांनी कुठून तरी उठायचा. म्हणून त्या दिवशीचं खरं आवाहनही लोकांनी जुनं म्हणून सोडून दिलं.

भीमाबाईची लेक मोनाली शाळेत गणित शिकवते. लहानपणी आमच्या ओट्यावर मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवायची, अन् सारी रांग कुठल्या कुठे वळते ते तासभर पाहायची. मी सातवी पास माणूस. मला वाटे, पोरगी वाया चालली. पुढे एमएस्सीला तिनं विषय घेतला तो मोबाईलवर बातमी कशी पसरते, हाच.

बारा वाजता ती माझ्याकडे आली. रडली नाही. कागद पसरला. माणसं म्हणजे ठिपके, कोणी कोणाला पाठवलं त्या रेघा. एका मोठ्या ठिपक्यातून रेघा अशा फुटलेल्या, जसे रेल्वे यार्डातले रूळ.

"हा कोण व पोरी?"

"तुम्ही, आबाजी. जेवढ्या जुन्या कॉप्या मागवल्या, साऱ्यांवर तुमचं 'राम राम मंडळी' आहे. अन् खालची तारीख नाही."

 माझे ग्रुप एकेचाळीस. तारखेची ओळ मीच काढली होती, मेसेज लांब दिसत होता म्हणून. एवढीशी ओळ, तीन वर्षांनी दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

पुन्हा साऱ्या ग्रुपात टाकतो म्हटलं तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, ग्रुपात प्रत्येकाला वाटते, दुसरा जाईल. त्यापेक्षा ज्यांच्या ओळखी आपल्या घोळक्याबाहेर आहेत अशा तिघांनाच फोन करा, अन् बाबांचा जुना नंबर नको, माझा द्या.

पहिल्यानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, बघतो. तिसरा शामसुंदर, दुर्गचा रिटायर रेल्वे गार्ड. स्टील प्लांटच्या पोरांच्या क्रिकेटमध्ये अंपायर असतो. "देखता हूँ" म्हणून त्यानं फोन ठेवला. अडीच वाजले, तीन वाजले. मोनाली दवाखान्याच्या गेटवर, मी तिच्यामागे. तीन पस्तीसला स्कूटरवरून एक पोरगा उतरला, शामसुंदरनं धाडलेला, प्लांटच्या पहिल्या पाळीतून सुटलेला क्रेन ऑपरेटर. हेल्मेट न काढताच विचारलं, "खून किधर देना है?"

रात्री भीमाबाई शुद्धीवर आल्यावर मी मोनालीला म्हटलं, उद्याच साऱ्या ग्रुपांतून निघतो. ती म्हणाली, "निघू नका, आबाजी. तुम्ही निघाले तर पुढच्या वेळी मी फोन कोणाले करू? फक्त तारीख कापत जाऊ नका."