यादीतलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता लिहितानाही बाहेर गाडी थांबली की वाटतं — तीच आली.

रिसोडजवळच्या आमच्या गावात मोबाइलला धड रेंज नाही. पहिला वाय-फाय माझ्याकडे आला. राउटरचा डबा मी मुद्दाम खिडकीत ठेवला, शेजारच्या प्रज्ञालाही नेट मिळावं म्हणून. पोरगी माझ्या लेकीच्या, स्वातीच्याच वर्गातली. पासवर्ड मीच तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि गावभर सांगत फिरलो. मोठा दिलदार ना मी!

मग बारावीचा निकाल लागला. प्रज्ञाला जास्त मार्क. माझी स्वाती दोन दिवस जेवली नाही. वाशीमच्या एका नर्सिंग कॉलेजचा ऑनलाइन अर्ज दोघींना भरायचा होता. शेवटच्या दिवशी स्वातीचा दुपारीच भरून झाला. आणि मग मी — कसं सांगू? — मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या मोबाइलच्या यादीत 'प्रज्ञा' होतं. ते बंद केलं. एक बोट लावलं फक्त.

ती धावत आली. "काका, नेट काहून बंद हाय?"

तेव्हा तरी लाज वाटावी की नाही? मी तिच्यासमोर डबा बंद-चालू केला, वायर काढून फुंकली, पुन्हा लावली. रिसोडची जीप सुटायला आली तशी ती उठली, तिथल्या नेट कॅफेत जाऊन अर्ज भरायला. मी म्हणालो, "थांब ना पोरी, येऊनच राह्यलं." ती थांबली. माझ्यावर विश्वास ठेवून थांबली. पाचला मुदत संपली.

त्यानंतर ती कधी नेट मागायला आली नाही. मीही ते पान उघडलं नाही. भीती वाटायची.

परवा नेट खरंच बंद पडलं. प्रज्ञा आता रिसोडला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. बायकोने तिलाच बोलावलं. ती राउटरचं एकेक सेटिंग बघू लागली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

"काका, इथं एक मोबाइल बंद करून ठेवला हाय. कोनं केला?"

समोर तिचंच नाव होतं. मी म्हणालो, "मले काय मालूम."

तिने नेट सुरू करून दिलं. चहा तसाच ठेवला. ती गेल्यावर मी यादी उघडली. नाव तिने काढलं नव्हतं. आज सकाळी पुन्हा पाहिलं — आहे.