टॉर्गनीची लाळ

टॉर्गनी स्वीडनमधल्या उमेओच्या आमच्या प्रयोगशाळेत पंप दुरुस्त करतो. बोलतो कमी, आणि बोलला तरी अर्धं तोंडातच राहतं, कारण वरच्या ओठाखाली कायम बार भरलेला. स्नूस! तंबाखूची इवलीशी पुडी. बायकोला मात्र त्याने सांगितलंय की ख्रिसमसपासून सोडली. डबी एका बंद पडलेल्या पंपाच्या पोटात असते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, फक्त आनेलीला नाही. आनेली म्हणजे त्याची बायको, आणि तीही आमच्याच प्रयोगशाळेत.

ती लाळेतलं निकोटीन ओळखणारी पट्टी बनवते. पट्टीवर सोन्याचे नॅनोकण, डोळ्याला न दिसणारे. त्यांच्यावर निकोटीन पकडणारी प्रथिनं. निकोटीन अडकलं की यंत्रावरचा आकडा चढतो. पण शून्य कुठे धरायचं? त्याला तंबाखू न खाणाऱ्याची लाळ हवी.

"माझ्या टॉर्गनीची घेते," आनेली म्हणाली. "बाकी कुणाची खात्री मी देणार नाही बाई!"

आकडा चढला तो थेट छताला. बिचारीने पट्ट्या फेकल्या, कण नव्याने केले. पुन्हा लाळ, पुन्हा छत. टॉर्गनी घासघासून दात घासून यायला लागला. पण निकोटीन रक्तातूनच लाळेत उतरतं, त्याला ब्रश काय करणार?

गुरुवारी कॉफीला आनेलीने वेलचीच्या बनला हातसुद्धा लावला नाही. "उद्या बैठकीत सांगून टाकते. सोन्याचे कण कुचकामी. काम बंद. दोन वर्षं पाण्यात."

मी टॉर्गनीला जिन्यात गाठलं. "सांग तिला!"

"मारेल."

"अरे, तिची दोन वर्षं बुडतायत!"

"तिची वर्षं बुडतील. मी अख्खा बुडेन."

शुक्रवारी बैठकीत आनेली उभी राहिली. "सिक्स्टन, ही पट्टी खोटं बोलते."

सिक्स्टन आमचा प्रोफेसर. तो मान हलवणार, एवढ्यात दारातून पुटपुट आली, "पट्टी नाही."

टॉर्गनी आत आला. ओठाखालची पुडी काढून त्याने सिक्स्टनच्या बशीत ठेवली.

आनेलीने पुडीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "दिवसाला किती?"

"सहा."

"ख्रिसमसपासून?"

"ख्रिसमसला आठ."

मी डोळे मिटून घेतले. तर आनेली किंचाळली, "म्हणजे पट्टी बरोबर आहे!" आणि तिने मिठी मारली ती सिक्स्टनला. त्याच्या खांद्यावरूनच नवऱ्याला म्हणाली, "तू चल घरी. बघते तुला."

घरी काय झालं कोण जाणे. सोमवारी टॉर्गनी तिच्या टेबलाशी आला, ओठ सपाट. शून्यासाठी तोवर ती माझी लाळ वापरायला लागली होती.

"आनेली, आता खरंच सोडतो."

"खबरदार!" परीक्षानळीवरून नजर न हटवता ती म्हणाली. "शून्य मिळालं, आता वरचं टोक हवं. इतका जास्त निकोटीनवाला माणूस मला कुठे मिळणार? मे महिन्यापर्यंत मोजायचंय. भर बार!"

"इच्छा नाही गं."

"इच्छा कुणी विचारली? तोंड उघड!"