दोरीवरचे लंगोट

ऊन कललं की कळमनुरीच्या घराच्या अंगणातून हाक यायची, "जावईबापू, दिवस बुडून राहिला. लंगोट आत घ्या." तान्ह्या लेकराचं कापड दिवेलागणीनंतर बाहेर राहू नये, हा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, एकमेव कडक नियम. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले तात्या आयुष्यात कुणावर ओरडले नसतील. ती सगळी शिल्लक त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती.

खरं तर ही हाक सासूबाईंनी मारायची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण माझ्या बायकोला, आशूला, सातवा महिना लागला आणि सासूबाई गेल्या. माझ्या आईने बाळंतपण हिंगोलीला करू म्हटलं, तर तात्या म्हणाले, "तिच्या मायनं कबूल केलंय. सव्वा महिना लेक माझ्याच घरी राहील. मी हाय ना."

त्यांनी सासूबाईंची ट्रंक उघडली. नवं कापड तान्ह्याला टोचतं, म्हणून सासूबाईंची वापरून मऊ झालेली सुती पातळं एकेक करून फाडली आणि लंगोट केले. फाडायच्या आधी प्रत्येक पातळ नाकाशी धरायचे. विचारलं तर म्हणायचे, "डांबरगोळीचा वास तर न्हाई ना, ते पाहून राहिलो."

मुलगी झाली. मी हिंगोलीहून शनिवार-रविवारी मदतीला जायचो. मदत म्हणजे काय, मी बांधलेला लंगोट लेकराच्या गुडघ्यावर सापडायचा आणि त्याचं काम माझा सदरा करायचा. एकदा शहाणपणा करून विकतचे डायपर नेले. पोरीची कातडी लाल झाली, डॉक्टरांनी कापडच वापरा म्हणून सांगितलं. तात्यांनी नुसतं पाकिटावरच्या हसऱ्या बाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे झोपतंय वाटतं."

आमचं झोपत नव्हतं. जरा डोळा लागला की ओलं, मग रडणं, मग दूध, की पुन्हा ओलं. आशू आधी पोरीसोबत रडायची, मग तेही थांबलं. लेकरू मांडीवर दिलं तर घ्यायची, उचललं तर सोडायची आणि भिंतीकडे बघत राहायची. तात्या उशाशी बसून विचारायचे, "माय, काय पाहिजे ते सांग." एका रात्री ती म्हणाली, "आई पाहिजे." तात्या उठून मोरीत गेले आणि धुतलेलेच लंगोट पुन्हा धुवायला बसले.

त्यातच पावसाची झड लागली. एकही लंगोट वाळेना. मी तव्यावर वाळवायचा शोध लावला. पहिले दोन छान कोरडे झाले, त्यामुळे मला चेव आला आणि मी उरलेली सगळी चळत तव्यावर टाकली. घरभर जळका वास. पोरगी उघडी, ओल्या दुपट्यात किंचाळत होती. ट्रंकेत आता एकच पातळ उरलं होतं, अंजिरी काठाचं. तात्यांनी ते काढलं, फाडायला काठ दातात धरला. मग घडी घालून पातळ परत ठेवलं आणि अंगातलं बनियन काढून पोरीला गुंडाळलं.

सकाळी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा हिला. माझ्याच्यानं न्हाई झालं."

सव्वा महिना भरायला बरेच दिवस होते. आशू ऑटोत बसली तेव्हा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काहून हो तात्या, इतक्यात?" तात्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

हिंगोलीत औषधपाण्याने आशू हळूहळू सावरली. तुमचं काही चुकलं नाही, हे बाळंतपणातलं आजारपणच होतं, असं तिने स्वतः त्यांना कितीदा सांगितलं. "बराबर हाय," म्हणायचे, "पण तुझी माय असती तर..." आमच्याकडे यायचे, नातीला खेळवायचे, पण रात्री मुक्कामाला कधी थांबले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. दहाव्याला आम्ही कळमनुरीला होतो. पोरीचा फ्रॉक मी धुतला आणि अंगणातल्या त्याच दोरीवर टाकला. ऊन कललं, दिवस बुडाला, गल्लीत दिवे लागले. मी ओट्यावर बसून वाट पाहत होतो. फ्रॉक बाहेरच राहिला, आणि माझ्यावर कुणी ओरडलं नाही.