फोनवर मी काय बोलले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढेही नाही—तिथे तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते.

आम्ही तंजावूरकडचे मराठी, आता चेन्नईत, अंबत्तूरला. सून मेघा लातूरची. तेव्हा तिला तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. दवाखान्यात तिच्या वतीनं मीच बोलायची. पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं, म्हणून दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. बजावलंही होतं—टाका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोट आवळलं, ताप आला, अंगावरून वास येणारं काही गेलं, तर लगेच कळवा. हे मेघाला मराठीत समजावलं कुणी? मीच!

तुमचं डोहाळजेवण, तसं आमचं वळैकाप्पु. पोटातल्या बाळाला किणकिण ऐकू जावी म्हणून गर्भारणीचे हात बांगड्यांनी भरतात. पाहुण्या यायला लागल्या होत्या, आणि मेघा हळूच म्हणाली, "आई, पोट सारखं आवळतंय. अंगावरून जातंय, वास येतोय. विचारा ना."

मी फोन लावला—तिच्यासमोरच. नर्सला तमिळमध्ये म्हणाले, सगळं ठीक आहे, सोमवारी दाखवायला येतो. ठेवला. मग मेघाला म्हणाले, "होतं म्हणे असं. बसायला हरकत नाही."

का? जावेनं तिच्या सुनेचं थाटात केलं होतं. एवढ्यासाठी—अय्यो, एवढ्यासाठी!

ती बसली. बायका बांगड्या चढवत खिदळत होत्या, हिचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं. बाळ फार लवकर आलं. रडलंच नाही.

बांगड्या दवाखान्यातच उतरवल्या. तरी भर दुपारी स्वयंपाकघरातून किणकिण येते. जाऊन बघते—मेघा पाठमोरी, हात बोडके. आवाज तिच्या हातांतून नसतोच. खालून येतो, गुडघ्याजवळून. ते मूल आता चालायला लागलं असतं... यंदा तर थोडा वरून येतो. मला भीती वाटते. तुम्हाला नसती वाटली?

मेघाला पुन्हा दिवस गेलेत. तमिळ आता फाडफाड बोलते. परवा नव्या डॉक्टरांनी विचारलं, गेल्या खेपेला आधी काही त्रास झाला होता का? ती म्हणाली, "झाला होता. आईंनी लगेच फोन केला. नर्सच म्हणाली, चालेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर मेघानं माझा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, आई."

मी हात सोडवून घेतला नाही.