पायरीवर उरलेला जोड

दरवर्षी भात झोडून झालं की परंदवडीहून माझ्याकडे आंबेमोहोराचं एक गाठोडं यायचं. गेनूभाऊ ते स्वतः घेऊन यायचे. तळेगावला गाडीत बसायचे, लोणावळ्याला उतरायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "अण्णा, हायसा न्हवं अजून?" या वर्षी गाठोडं आलं ते त्यांच्या शेजारच्या मारुतीच्या डोक्यावरून. मी विचारलं, "गेनूभाऊ कुठं मागं राहिले?" मारुतीने गाठोडं ओसरीवर ठेवलं, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि म्हणाला, "आबा गेलं, अण्णा. परवाच्याला. दोन दिस ताप आला, बास. ह्ये त्यांनी आदीच माज्याकडं आनून ठिवलं हुतं, लोनावळ्याला गेलास की अण्णांला पोचीव म्हनून." मी त्याला चहा पाजला, दहावा कधी, कुठं, ते विचारून घेतलं. तो गेल्यावर तसाच ओसरीवर बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा रडू आलं नाही, भीती वाटली. त्या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. गेली दहा वर्षं मी ती आज सांगू, पुढच्या वर्षी सांगू करत आलो होतो, आणि आता ऐकणाराच उठून गेला होता...

खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या काही धनिकांनी हवा खायला म्हणून एक क्लब काढला होता. युद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तिथे कारकून होतो. क्लबाला पोहण्याचा हौद होता, एका टोकाला छातीइतका आणि दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल. त्या हौदावर बुडणाऱ्याला काढण्यासाठी म्हणून गेनूभाऊंना नेमलं होतं. पवनेच्या डोहात वाढलेला माणूस, पाण्याखाली एवढा वेळ राहायचा की काठावरच्याचा श्वास कोंडावा. साहेब लोक त्यांना लाइफगार्ड म्हणत. गळ्यात शिट्टी आणि हुद्दा गार्डाचा, त्यामुळे परंदवडीत बरेच दिवस असा समज होता की गेनू रेल्वेत लागला. गावच्या म्हाताऱ्या त्यांना अडवून विचारायच्या, "आरं, मला फुकट नेशील का मम्हईला?" पावसाळ्यात हौद बंद असे, तेव्हा ते भातलावणीला गावी जात आणि दसऱ्याच्या सुमाराला परत येत.

काम तसं मोठं गमतीचं होतं. त्यांनी किती माणसं वाचवली ते विचारू नका, पण कवळ्या, चष्मे आणि अंगठ्या मात्र पुष्कळ वाचवल्या. एक जाडेजुडे वकील तासभर काठाचा नळ धरून छातीइतक्या पाण्यात उभे राहायचे आणि बाहेर आल्यावर "आज फार पोहणं झालं" म्हणून अंग चेपून घ्यायचे. योगासनं करणारे एक गृहस्थ डोळे मिटून, मांडी घालून पाण्यावर निपचित तरंगत. पहिल्याच दिवशी गेनूभाऊंनी धाडकन उडी टाकली आणि त्यांना शेंडीला धरून काठावर ओढलं. "मूर्खा, माझी समाधी मोडलीस!" म्हणून गृहस्थ थयथयाट करायला लागले. त्या दिवसापासून नवीन माणूस आला की गेनूभाऊ हात जोडून विचारायचे, "सायब, तुमी बुडनार का तरंगनार, त्येवडं आदी सांगा. मंग माजी ना न्हाई." मी खिडकीत बसून हसत असे. फार हसलो त्या वर्षांत.

त्यांची एक पद्धत होती. हौदाच्या फाटकापाशी दगडी पायरी होती, तिथे सगळे पायातलं काढून आत जात. गेनूभाऊ प्रत्येक जोड उचलून ओळीने लावत, टाचा हौदाकडे आणि चवडे फाटकाकडे, म्हणजे निघणाऱ्याला नुसते पाय सरकवले की झालं. संध्याकाळी हौद बंद करताना ते पाण्याकडे बघतच नसत, पायरीकडे बघत. पायरी रिकामी झाली की कुलूप. मी एकदा त्यांना छेडलं, "गेनूभाऊ, पगार माणसं राखायचा की चपला राखायचा?" ते हसले नाहीत. म्हणाले, "अण्णा, पान्यातली मानसं मोजता येत न्हाईत. हालत्यात, बुडी मारत्यात, एकाची दोन दिसत्यात. पायतान हालत न्हाई. डोहावर आमी कापडांचं ढीग मोजायचो. एक ढीग ऱ्हायला तर समद्यांनी मागं फिरायचं. एक जोड उरला तर मागं फिरायचं, एवडंच ध्येनात ठेवायचं बगा." पंधरवड्यातून एकदा हौदाचं पाणी बदलत, आणि शेवटच्या दिवसांत ते इतकं हिरवं होई की तळ दिसत नसे. माणूस अगदी खरं बोलत होता. मला तेव्हा ती खेडवळ समजूत वाटली.

एका पौषात संध्याकाळी जोड उरला. जरीच्या मोजड्या. गेनूभाऊंनी शिट्टी फुंकली, जाणाऱ्यांना थांबवलं आणि कपड्यांसकट उडी घेतली. किती बुड्या मारल्या देव जाणे. वर आले की तोंड पांढरंफटक, परत खाली. शेवटी त्यांनी हौदाची मोरी उघडायला लावली. थंडीत पंचे गुंडाळून बडी मंडळी कुडकुडत उभी. मोजड्या एका कापडवाल्या शेठच्या आहेत असं कुणी तरी ओळखलं आणि एक जण त्यांच्या बंगल्यावर धावला. शेठाणीबाईंनी हंबरडा फोडला. आतल्या खोलीत शेठ पोहे खात बसले होते, ते आपल्याच नावाचा आक्रोश ऐकून घास तोंडात तसाच घेऊन बाहेर आले! कुणा वैद्याने त्यांना गवतावर अनवाणी चालायला सांगितलं होतं, म्हणून ते कपडे बदलायच्या खोलीच्या मागच्या दाराने तसेच गेले होते आणि मोजड्या उचलायला नोकर विसरला होता. शेठ हौदावर आले तेव्हा गेनूभाऊंनी नखशिखांत ओल्या अंगाने त्यांना कडकडून मिठी मारली. शेठचा रेशमी सदरा गेला. लोक पोट धरधरून हसले.

शेठ मात्र हसले नाहीत. जिवंतपणी सुतक आणलं म्हणून त्यांनी तक्रार केली आणि सेक्रेटरींनी मला टिपण लिहायला सांगितलं. तेव्हा माझी लेखणी फार तुरुतुरु चाले. मी चांगलं दोन पानी, चुरचुरीत टिपण लिहिलं. 'हौदावरील इसम माणसांऐवजी पादत्राणांची राखण करतो,' असं त्यात वाक्य होतं. पादत्राणं यापुढे कपडे बदलायच्या खोलीत ठेवावीत, पायरीवर ठेवू नयेत, अशी शिफारसही मीच केली, कुणी मागितली नव्हती. सेक्रेटरींनी व्हरांड्यात ते मोठ्याने वाचून दाखवलं. माझी वाहवा झाली आणि मी फुगलो. आठवड्यात फाटकावर तशी पाटी लागली. अक्षरही माझंच. गेनूभाऊंना वाचता येत नव्हतं. ते पाटीसमोर उभे राहून मला म्हणाले, "अण्णा, ह्ये कुनी काढलं वो?"

"वरून आलं," मी म्हणालो.

"तुमी त्यास्नी सांगा की. तुमचं ऐकत्यात."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

त्यानंतर ते बोटांवर मोजत. मग खिशात खडे ठेवून पाहिले, माणूस आत गेला की एक खडा या खिशातून त्या खिशात. पण खोलीला मागचंही दार होतं, त्यामुळे हिशेब कधी जुळायचाच नाही. रोज संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी येत आणि विचारत, "गेलं का वो समदं?" मी कागदातून मान वर न करता हो म्हणत असे.

पुढच्याच माघात एक तिशीचे शांत गृहस्थ आजारातून उठून हवापालटाला आले होते. कुणाशी बोलत नसत, कडेकडेने पोहत. पाणी बदलायला आलेलं, हिरवंगार. त्या संध्याकाळी गर्दी होती. गेनूभाऊ खिडकीशी आले, नेहमीचं विचारलं, आणि मी नेहमीचंच म्हणालो, "गेले असतील. लावा कुलूप." सकाळी मी कचेरीत येऊन बसतो तोच ते दारात उभे. हातात कॅनव्हासचे पांढरे बूट, आत मोजे नीट घडी करून ठेवलेले. झाडणाऱ्याला ते खोलीतल्या बाकाखाली सापडले होते. "अण्णा," ते म्हणाले, "एक जोड उरलाय."

त्या वेळी एकाच बुडीत सापडले.

पंचनामा झाला, क्लबाची चौकशी झाली. चौकशीचा कागद लिहायला मीच. 'पहाऱ्यावरील इसमाची नजर चुकल्याने' असं सेक्रेटरींनी सांगितलं आणि मी तसं लिहिलं. पायरीचं, पाटीचं कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. अंगठा लावायच्या आधी गेनूभाऊंनी विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा पुढे केला. मग म्हणाले, "बराबर हाय. नजर चुकली माजी." अंगठ्याला शाई मीच लावली... त्या दिवशी ते वळकटी बांधून परंदवडीला गेले आणि पुन्हा कधी पाण्यात उतरले नाहीत. डोहाच्या काठावर घर, पण अंघोळ विहिरीच्या पोहऱ्याने.

माझ्यावर मात्र त्यांचा लोभ तसाच राहिला. हा माणूस मला पाण्यात पाहायला लागला असता तर बरं झालं असतं. तो दरवर्षी तांदूळ घेऊन यायचा. मीही चैत्रात त्यांच्याकडे एक फेरी मारायचो, आणि प्रत्येक फेरीला तळेगावला उतरताना ठरवायचो की आज बोलायचं. मग काशीवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, गरम भाकरी वाढायच्या, गेनूभाऊ शेठच्या मोजड्यांची गोष्ट पोरांना रंगवून सांगायचे, पोरं लोळायची, आणि मी भ्याडासारखा हसून परत यायचो.

या चैत्रातली भेट शेवटची. दोघं बांधावर बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "अण्णा, एक इच्यारू? त्या बुटवाल्याचं नाव काय हुतं?" ते म्हणाले, "पितरपाटात मी त्याचंबी पान वाढतो. दर साली. पन नाव ठावं न्हाई, मंग काय म्हनून हाक मारायची? बुटवालं दादा म्हनतो. बरं न्हाई दिसत." त्या गृहस्थांचं नाव मला पाठ होतं. कागदावर मीच लिहिलं होतं, आणि तेव्हापासून किती तरी रात्री मनात म्हटलं होतं. मी ते सांगितलं. गेनूभाऊंनी दोन-तीनदा घोकलं. याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती. मी त्याचं नाव सांगितलं, माझं सांगितलं नाही.

दहाव्याला मी मनाशी ठरवून गेलो होतो. पवनेच्या काठी गाव जमलं होतं. पिंड ठेवले की कावळा शिवेपर्यंत सगळ्यांनी लांब उभं राहायचं. मेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन कबूल करतो की तुमचं हे करू, ते करू. मला वाटत होतं, इथे आज कावळा शिवणारच नाही. मुलगा बोलेल, भाऊ बोलेल, तरी अडून बसेल. मग मी पुढे होईन आणि सगळ्या गावासमोर सांगेन की गेनूभाऊ, नजर तुमची चुकली नव्हती, ती पाटी माझी होती. वाक्य जुळवून नेलं होतं.

मुलगा पिंड ठेवून चार पावलं मागे आला नाही तोच कावळा शिवला. माझ्या ओठावर शब्द तसेच राहिले. लोक म्हणाले, "सुटला बिचारा. काय मागं ठिवलं न्हाई बगा." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाच तेवढा नाही.

लोक पांगायला लागले. मी घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्याकडे बघत बसून राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन चढलं. मागे वळून पाहिलं तर वरच्या पायरीशी काशीवहिनी एकट्याच उभ्या होत्या.

"वहिनी, तुम्ही गेला नाहीत?"

"तुमचं पायतान दिसलं," त्या म्हणाल्या. "एक जोड उरला तर मागं फिरायचं, त्यांनी समद्यांस्नी लावून दिलंया."

मला राहवलं नाही. तिथेच, उभ्या उभ्या, मी सगळं सांगितलं. टिपण, पाटी, खिडकी, अंगठा, सगळं. सांगताना लहान मुलासारखा रडलो. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्यास्नी सांगितलंत का ह्ये?"

"नाही."

मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्या खाली वाकल्या. माझ्या वहाणा येताना घाईत कशाही काढलेल्या होत्या, एक उलटी पडली होती. ती त्यांनी सुलटी केली आणि दोन्ही जोडून ठेवल्या, टाचा पाण्याकडे, चवडे गावाकडे.

"घाला," त्या म्हणाल्या. "तुमी निघाल्याबिगर मला हितनं हालता येत न्हाई."