मनकर्णाबाई दारात आली की

आमच्या तलमडुगूत मनकर्णाबाई कोनाच्या दारात दिसली की लोक म्हनतात, झालं, आता काही खरं नाही. काय बोलावं अशा लोकाईले! ती मरन घेऊन येत नाही बाप्पा, मरनाऱ्याजवळ बसाले येते. एरवी वांगे-टमाटे विकते. पन कोनाचं शेवटचं दुखनं हाय असं कळलं की टोपली घरी ठेवते अन् तिथं जाते. दुखनाईताचं तोंड ओलं करते, कूस बदलते, घरच्याईले दोन घास खाले लावते.

माह्या सासूले, रेणुकाबाईले, डॉक्टरनं घरी न्या म्हनलं, तवा मीच तिले बोलावलं. माहा नवरा दौलत भडकला. "माय जित्ती हाय अजून! हिले काऊन आनली?"

मनकर्णाबाई हासली. "जित्ती हाय म्हनूनच आली, बाबू."

आमी सगळे सासूले एकच सांगून राह्यलो होतो, बरी होशीन, कापूस येचाले येशीन. मनकर्णाबाईनं तिचा हात धरून इचारलं, "रेणुका, कायचं भेव वाटते वं तुले?"

सासू म्हनली, "मले खाली नका घेऊ. माह्या मायले घेतलं होतं. थंडीनं कुडकुडत गेली बिचारी."

आमच्यात खाटेवर जीव जाऊ देत नाहीत, सारवलेल्या भुईवर घेतात. दौलतनं तोंड फिरवलं.

थोड्याच रोजानं, दुपारी, सासूचा श्वास घरघराले लागला. मनकर्णाबाई मले म्हनली, "सुवर्णा, घाबरू नको. बोलत राहा, तिले ऐकू येत असन."

तेवढ्यात सासूचे भाऊ मारोतराव उठले. "दौलत, धर पायाकडून. खाली घे. खाटेवर गेली तं गती नाही भेटनार तिले."

मामाचा शबूद दौलतनं जन्मात मोडला नव्हता. त्यानं मनकर्णाबाईकडे पाह्यलं.

"माय तुही हाय," ती म्हनली. "तिनं काय मांगतलं, तुले मालूम हाय."

दौलत उठून बाहेर गेला. मले वाटलं, पळून गेला हा! मले त्याचा असा राग आला म्हनता! पन तो आला, तं मुठीत अंगनातली माती होती, उन्हानं तापलेली. ती त्यानं मायच्या तळहातावर ठेवली.

"मामा, माय खाली नाही येनार. जमीनच वर आनली मी." मंग तिच्या कानाशी वाकला. "थंड नाही ना, माय?"

सासूची बोटं हळूच मातीवर मिटली. बहिनीच्या पायावर मारोतरावाईनं गोधडी ओढली.