एन्सिओला हसवण्याचा हट्ट

हिल्काने हेलसिंकीत एकतीस वर्षं ट्राम चालवली. चालकाशी बोलू नये, ही पाटी कायम तिच्या डोक्यामागे. त्यामुळे निवृत्त झाली तेव्हा एकतीस वर्षांचं बोलणं पोटात तुंबलेलं होतं. दर फेब्रुवारीत, हिवाळी सुट्टीत, ती तळ्याकाठच्या त्याच गावात त्याच लाकडी घरात आठवडाभर उतरायची आणि ते सगळं घरमालक एन्सिओच्या कानांत ओतायची.

एन्सिओ सत्तरीचा, विधुर. 'हं' या एका अक्षरावर त्याचं सगळं भागत असे. त्याला हसवायचंच, असा चंग हिल्काने आठ वर्षांपूर्वी बांधला होता. त्याच्या कॉफीत मीठ घालून झालं, बुटांत बर्फ भरून झाला. तो 'हं' म्हणायचा, बूट झटकायचा आणि पायांत सरकवायचा.

नवव्या वर्षी एन्सिओ गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकून बसला होता. तो कॉफी आणायला घरात गेला, तशी हिल्का घसरत धडपडत तिथे पोचली. दुकानातून आणलेला, धुरावर भाजलेला मासा तिने गळाला अडकवून पाण्यात सोडला आणि साळसूदपणे बाजूला उभी राहिली.

"अहो एन्सिओ, बघा, काहीतरी ओढतंय!"

परत आलेल्या एन्सिओने कॉफी खाली ठेवून दोरी ओढली. वर आला सोनेरी, खरपूस मासा, शेपटीला दुकानाचा दोरा. एन्सिओने तो उलटसुलट पाहिला, चाकूने तुकडा कापून तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

हसून हसून हिल्काचंच पोट दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सौनातून, वाफेच्या खोलीतून, बाहेर पडली. चष्म्यावर वाफ गोठलेली, समोरचं सगळं धूसर. काठाजवळच्या भोकापाशी, पालथ्या बादलीवर, एन्सिओ पाठमोरा बसला होता. ती शेजारी टेकली आणि सुरू झाली. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेजाऱ्याचा कुत्रा, सगळं झालं. मग आवाज जरा खाली आला.

"शहरात आता करमत नाही हो. इथेच राहायला आले तर? काही बोलत नाही, म्हणजे हो समजते."

तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. एन्सिओ टण्णकन वाजला आणि टोपीसकट आडवा झाला. आत कोणीच नव्हतं. पाण्यात भिजवून गोठवलेला त्याचा निळा कामाचा पोशाख होता नुसता!

किनाऱ्यावरच्या उपड्या होडीमागून गंजलेल्या पंपासारखा आवाज येऊ लागला. एन्सिओ गुडघे धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"पाव तास!" त्याला श्वास घेता येईना. "पाव तास बोललात त्याच्याशी!"

"तुमच्यापेक्षा बरं ऐकतो तो," हिल्का फणकारली, पण कान लालबुंद झाले होते.

"ऐकेल. पण घर माझं आहे. विचारायचं ते मला विचारा."

एकतीस वर्षांत साठलेल्यातला एक शब्दही तिला त्या क्षणी सापडेना. तिने नुसती मान डोलावली.

मे महिन्यात बर्फ वितळला तशी हिल्का सामानासकट आली. फुलझाडांच्या चौदा कुंड्या गाडीतून उतरवताना एन्सिओ सलग दहा मिनिटं कुरकुरला. गावातली दुकानदारीण फाटकाशी उभी राहून ऐकत होती. तिने ते सबंध गावाला सांगितलं, पण कोणी विश्वास ठेवला नाही.